पिवळ्या हेल्मेटमधल्या दमयंतीताई

भोपाळच्या आमच्या मराठी मंडळात माईक माझ्या हातात असतो. गणेशोत्सव असो, कोजागरी असो की कुणाच्या निवृत्तीचा सत्कार, सूत्रसंचालन सुधीरकडे, हे ठरलेलं. आवाज बरा आहे, वेळ मारून नेता येते, आणि समोर भरलेल्या खुर्च्या दिसल्या की मला भूक लागत नाही. अशा माणसावर एका बाईने माईकला बोटही न लावता मात करावी? केली. दमयंतीताई पांढरीपांडे यांच्यावर मी अगदी मन लावून जळलो. आता त्या भोपाळात नाहीत, तरी मी जळणं सोडलेलं नाही. चांगली सवय कशाला मोडा?

आधी मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. सभागृहाच्या शेवटच्या रांगेत, कूलरला लागून एक उंच बाई बसायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि त्याची तबकडी आतल्या बाजूला. घरून आणलेली चौकोनी उशी खुर्चीवर टाकून त्या बसत. कार्यक्रम संपला की उशी काखेत मारून, कुणाशी न बोलता स्कूटरवरून इंद्रपुरीतल्या घरी परत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. मी मनातल्या मनात त्यांना 'कूलरबाई' म्हणत असे.

पुढे कळलं की त्यांचे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले. ताई इथल्या मोठ्या कारखान्यात लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. काम काय, तर वेल्डिंगच्या जोडांचे एक्स-रे बघणं. उजेडाच्या पेटीवर फिल्म लावायची आणि पोलादात कुठे केसाएवढी भेग आहे का ते शोधायचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, एक बहीण नागपुरात. निवृत्तीनंतर कुणी त्यांना काही विचारावं असं कारणच उरलं नव्हतं. मग आमच्या मंडळाने ते पुरवलं.

आमच्या मंडळाचं खरं काम नाटकं बसवणं नाही, लग्नं जुळवणं आहे. पूर्वी त्यासाठी एक जाड फाइल होती. चिटणीस भालेरावांनी हौसेने ती मोडीत काढली आणि सगळ्यांना मोबाइलवर उघडता येईल अशी एक शीट केली. एकेका ओळीत एकेक मुलगा किंवा मुलगी: नाव, उंची, शिक्षण, नोकरी, आणि शेवटच्या रकान्यात फोटो. रविवारी सभा बोलावून त्यांनी ती पडद्यावर दाखवली. पडद्यावर सगळे वधू-वर छान हसत होते. सभागृहातल्या मोबाइलांवर मात्र नावांपुढे कोरे चौकोन.

"माझ्याकडे तर दिसतंय," भालेराव म्हणाले.

"तुमच्याकडे दिसून काय फायदा?" शुभदावहिनी उभ्या राहिल्या. "तुम्हाला लग्न करायचंय का?"

"एक फोटो दिसतोय बरं का," मागून कुणीतरी काडी टाकली. "जोश्यांच्या विनीतचा."

"दिसणारच! चिटणीसांचा भाचा ना तो!"

झालं. ज्यांच्या मुली दिसत नव्हत्या त्या सगळ्या आया भालेरावांवर तुटून पडल्या. विनीतची आई "आमच्या मोठ्याने लावून दिलाय हो, तो इंजिनियर आहे" असं सांगत होती, आणि त्यामुळे आग आणखीच भडकत होती. मी माईक घेतला. असल्या वेळी मी फुलतो. "मंडळी, शांत व्हा. वधूने अंतरपाट दूर होईपर्यंत दिसू नये, हे आपल्या शीटलाही माहीत आहे!" हशा येऊ लागला होता. येऊच लागला होता, आणि कूलरजवळून आवाज आला,

"हे फोटो राहतात कुठे?"

हशा जागच्या जागी विरला. सगळ्यांनी माना वळवल्या. माझ्याकडे पाठ करून.

"राहतात म्हणजे? शीटमध्ये," भालेराव म्हणाले.

"शीटमध्ये फक्त पत्ता आहे. फोटो तुमच्या ड्राइव्हमध्ये आहेत. ते तुमचं कपाट. त्याची किल्ली तुमच्या खिशात. म्हणून तुम्हाला दार उघडं दिसतं आणि बाकीचे बाहेर उभे आहेत."

"अहो, पण मला दिसतंय ना!"

"तुम्हाला दिसतंय म्हणजे दिसतंय असं नाही."

हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की एकदा झोपेत बडबडलो, असं माझी बायको मंजू सांगते. ताई उठून पुढे आल्या, उशीसकट. लॅपटॉपला हात न लावता, हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या आणि भालेरावांच्या बोटांना हुकूम सोडू लागल्या. फोटोंच्या फोल्डरवर 'फक्त मी' होतं, ते 'लिंक असेल तो' केलं. शीटमधले पत्ते फोटोच्या पानावर नेत होते, थेट फोटोवर नाही. ते बदलले. शेवटी शीटच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी आली. बाहेरचे फोटो आणू का, असं ती विचारत होती. भालेराव सवयीने ती बंद करायला गेले.

"थांबा. ती भिकारी नाही दारातून हाकलायला. ती परवानगी मागतेय. वाचा आणि हो म्हणा."

आणि मग सभागृहात कोपऱ्याकोपऱ्यातून, "आली! आमची सई आली!" "आमचा पण आला, पण बाई, किती काळा दिसतोय!" टाळ्या पडल्या. माईक माझ्या हातात होता आणि टाळ्या त्यांना.

त्या दिवसापासून त्यांची उशी पहिल्या रांगेत आली, अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीवर. ताई काही संकोची नव्हत्या. त्या खुर्चीत त्या अशा बसत की अध्यक्ष त्यांच्या शेजारी बसलेत असं वाटावं. त्यांच्याभोवती आया गोळा होऊ लागल्या, आणि माझ्या विनोदाचा शेवटचा शब्द नेमका "ताई, जरा बघता का हो"च्या गलक्यात बुडू लागला.

त्यांची तपासणी एखाद्या वैद्यासारखी चाले. "काय दिसत नाही ते मला सांगू नका. काय दिसतंय ते सांगा. कोरा चौकोन, फाटकं चित्र, की इंग्रजीतली शिवी?" कोरं म्हणजे बहुतेक पिवळी पट्टी नाहीतर मंद नेट. फाटकं चित्र म्हणजे कुलूप. शिवी म्हणजे पत्ताच चुकीचा लिहिलाय. लोक "ताई, मला फाटकं झालंय" असं सांगत येत आणि औषध घेऊन जात. घरी मंजूही सुरू झाली. "आज ताई म्हणाल्या..." असं वाक्य ताटावर बसताना निघालं की मी लगेच म्हणत असे, "आमटीत मीठ कमी आहे." आमटी बिचारी व्यवस्थित असायची.

मी गुपचूप ही विद्या शिकायचाही प्रयत्न केला. माझ्या गाजलेल्या कार्यक्रमांचे फोटो घालून एक झकास शीट केली आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकली. माझ्या मोबाइलवर मी प्रत्येक रकान्यात माईक धरून झळकत होतो. ग्रुपवर मात्र एकच प्रतिक्रिया आली, शुभदावहिनींची: "सुधीरभाऊ, कोरे चौकोन का पाठवलेत? काही संदेश आहे का?" शेवटी ताईंकडे जावं लागलं.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"मी."

"आणि परक्याला?"

मी शुभदावहिनींचा निरोप उघडून दाखवला.

आता हा 'परका' त्यांच्याकडे खरोखरचा माणूस होता. त्यांचा स्वतःच्या मोबाइलवर विश्वास नव्हता, मंडळातल्या मोबाइलांवर तर नाहीच. "ओळखीच्यांना आपण कधी ना कधी किल्ली दिलेली असते." म्हणून काहीही दुरुस्त केलं की त्या बिट्टन मार्केटच्या हाटाला जात आणि एखाद्या अनोळखी मोबाइलवर तपासून घेत. मुलींचे फोटो परक्यांना दाखवायचे नाहीत, याबाबत त्या कडक होत्या. त्यासाठी त्यांनी वेगळी चाचणीची शीट केली होती आणि तिच्यात एकच फोटो होता. त्यांचा स्वतःचा. कारखान्यातला, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे भलंमोठं यंत्र, आणि चेहऱ्यावर त्या यंत्राला नापास केल्याचा आनंद.

एकदा मी त्यांना हे करताना पाहिलं. कोथिंबीरवाल्याच्या मोबाइलवर लिंक पाठवून त्याच्यापुढे उभ्या, "भैया, ये खोलो तो जरा."

तो जुड्यांवर पाणी शिंपडत होता. त्याने ओला हात पुसून मोबाइल उघडला.

"दिखी क्या मैं?"

"दिख रई हो अम्मा. टोपा लगाए हो."

"टोपा नहीं, हेल्मेट है." आणि त्या दिवशीची कोथिंबीर त्याच्याकडूनच घेतली. अशा रीतीने अर्ध्या भोपाळच्या भाजीवाल्यांनी ताईंना पिवळ्या हेल्मेटमध्ये पाहिलं होतं. माझे इतके कार्यक्रम झाले, मला एकही भाजीवाला ओळखत नाही.

मध्येच मुळेकाकांनी एक प्रताप केला. पत्ते-बित्ते नकोतच म्हणून त्यांनी सगळे फोटो उचलून शीटवर चिकटवले आणि मग नातीसाठी मुलं बघायला सोपं जावं म्हणून यादी उंचीप्रमाणे लावली. नावं हलली, फोटो जागचे हलले नाहीत. एका सकाळी बँकेतल्या टक्कल पडलेल्या गृहस्थांपुढे 'कथ्थक विशारद, गोरी, घरकामाची आवड' असं झळकलं. सईच्या नावापुढे विनीत. विनीतच्या नावापुढे एक बाई, ज्या वधू नव्हत्याच, वधूची मावशी होत्या. फोन वाजू लागले. मी तर आनंदाने वेडा व्हायचा राहिलो, निदान आठवडाभराचा मजकूर मिळाला म्हणून. तो मजकूर माझ्या तोंडून निघायच्या आत ताईंनी प्रकरण मिटवलंसुद्धा.

"फोटो रकान्यात नाही, रकान्यावर ठेवलाय. पाट सरकवला, माणूस तिथेच राहिला."

त्यावर त्यांनी नियम केला. प्रत्येक मुलामुलीने फोटो आपल्याच ड्राइव्हमध्ये ठेवायचा, शीटमध्ये नुसता पत्ता द्यायचा, आणि लग्न ठरलं की आपणच बंद करायचा. "फोटो ज्याचा, किल्ली त्याची." कुणाला वाटलं बाई शिस्तीच्या आहेत. मला वाटलं बाई फार शहाण्या आहेत, आणि मी आणखी थोडा जळलो.

मग आली गार्गी. शुभदावहिनींची एकुलती एक, वकिली शिकलेली, अबोल. तिचा फोटो शीटमध्ये दिसेना. फाटकं चित्र. वहिनींनी तिला पुन्हा घालायला लावला. दोन दिवस दिसला, परत फाटका. वहिनींना खात्रीच होती की हे सईच्या आईचं काम. सईची आई म्हणाली, "माझ्या मुलीला स्थळं कमी आहेत का, दुसऱ्यांच्या मुली झाकायला?" प्रकरण इतकं पेटलं की भालेरावांनी हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातच लॅपटॉप मांडला आणि सगळ्यांसमोर ताईंना बोलावलं. मी हाताची घडी घालून पुढे उभा राहिलो.

ताईंनी गार्गीला खुर्चीत बसवलं. "तुझं तू उघड." स्वतः हात पाठीमागे बांधून तिच्या खांद्यामागून वाकल्या. पडदा लावलेला नव्हता, त्यामुळे स्क्रीन त्या दोघींनाच दिसत होती. ताईंनी चष्मा वर केला, खाली केला. मग तिच्या कानाशी काहीतरी विचारलं. गार्गीने मान न वळवता एका शब्दात उत्तर दिलं. आम्हाला काही ऐकू आलं नाही.

ताई सरळ झाल्या. "हे माझ्याकडून होणार नाही."

शुभदावहिनी हळदीकुंकवाचं तबक खाली ठेवून पुढे आल्या.

"होणार नाही म्हणजे?" वहिनी.

"म्हणजे मला जमत नाहीय."

"सईचं जमतं, टकल्याचं जमतं, माझ्याच मुलीचं जमत नाही?"

"नाही जमत, शुभदा."

"मग पुढच्या रांगेत बसता कशाला?" वहिनी म्हणाल्या.

हे सगळ्यांनी ऐकलं. ताईंनी उशी उचलली, काखेत मारली आणि बाहेर गेल्या. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मी काय करत होतो? मी माईक चालू केला.

पुढच्या कार्यक्रमाला त्यांची उशी पुन्हा कूलरजवळ होती. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर कुणाचा तरी एमबीए झालेला भाचा बसला. आया आता त्याच्याकडे जात. फोटो दिसोत न दिसोत, तो इंग्रजीत समजावून सांगायचा, एवढ्यावर त्या खूश होत्या. ताईंना कुणी काही विचारेना. उपहासाचं काम मी सांभाळलं. प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात मी अशी करू लागलो: "मंडळी, आवाज येतोय? मी दिसतोय? नसेन दिसत तर सांगा. फक्त दमयंतीताईंना विचारू नका!" हशा हमखास. ताई मागे बसून घड्याळाची तबकडी पाहत. एकदा मात्र मोठ्याने म्हणाल्या, "आवाज येतोय. गरजेपेक्षा जास्त." त्यावर माझ्यापेक्षा मोठा हशा आला. म्हणजे हरलेल्या असतानासुद्धा!

इकडे शुभदावहिनींच्या घरी वेगळंच नाट्य घडलं. वहिनी गॅस सिलिंडरही पंचांग बघून लावतात. त्यांनी विचार केला: जिने मुळेकाकांचा घोळ सोडवला, तिलाही माझ्या मुलीचा फोटो उमटवता येत नाही, म्हणजे दोष शीटचा नाही, ग्रहांचा आहे. गुरुजींनीही मान डोलावली. सध्या योग नाही, जरा थांबा. मग एवीतेवी थांबायचंच आहे तर पोरगी आता न्यायाधीशाच्या परीक्षेला बसते म्हणतेय, बसू दे. गार्गी बसली आणि पास झाली. आमच्या मंडळातली पहिली न्यायाधीश.

सत्कार अर्थातच मंडळात, आणि माईक अर्थातच माझ्याकडे. सभागृह तुडुंब. मी माझ्या नेहमीच्या वाक्याने सुरुवात केली, "मंडळी, मी दिसतोय? नसेन दिसत तर फक्त..." आणि सगळं सभागृह माझ्यामागून म्हणालं, "दमयंतीताईंना विचारू नका!" इतका हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता.

गार्गी व्यासपीठावर आली. शाल, श्रीफळ. मग तिने हात पुढे केला. मला वाटलं नमस्कार करतेय. तिने माझ्या हातातला माईक घेतला.

"तो फोटो मीच बंद करत होते," ती म्हणाली. "आई लावायला सांगायची, मी लावायचे आणि मग बंद करायचे. मला आधी परीक्षा द्यायची होती आणि घरी सांगायची हिंमत नव्हती. ताईंना ते पहिल्या मिनिटाला कळलं. त्यांनी मला एकच विचारलं, 'मुद्दाम की चुकून?' मी म्हटलं, 'मुद्दाम.' पुढे त्यांनी काय केलं ते तुम्ही पाहिलंत."

शुभदावहिनींचा चेहरा मला व्यासपीठावरून स्पष्ट दिसत होता. आधी राग आला, मग हिशेब आला, मग रडू. त्या उठल्या आणि रांगांमधून वाट काढत कूलरपर्यंत गेल्या.

"दमयंती, तू मला सांगायचंस की गं!"

"फोटो तुझा होता का?" ताई म्हणाल्या. "आणि बस खाली, मला गार्गी दिसत नाहीय."

टाळ्या सुरू झाल्या. अशा टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. लोक उभे राहून, उलटे वळून, माझ्याकडे पाठ करून वाजवत होते. भालेरावांनी पहिल्या रांगेतली खुर्ची डोक्यावर धरून मागे नेली. ताईंनी तिची पाठ हाताने हलवून पाहिली, "ही डुगडुगते," म्हणाल्या आणि आहे तिथेच बसून राहिल्या. अख्खी पहिली रांग उठून कूलरजवळ गेली. मी व्यासपीठावर, माईकशिवाय, नुसता उभा. सांगा, माणसाने जळायचं नाही तर काय करायचं? जिंकणाऱ्या बाईवर मी जळलोच होतो. पण बाईने हरायचंसुद्धा असं, की वर्षभर मी तिच्यावर विनोद करावेत आणि शेवटी ते सगळे तिच्याच खात्यात जमा व्हावेत?

पुढच्या हिवाळ्यात त्या नागपूरला बहिणीकडे कायमच्या निघाल्या. निरोप समारंभाला साफ नकार दिला. "सुधीर बोलणार असेल तर नको," असं कारण दिलं म्हणे. मला ते ऐकून उगाच बरं वाटलं.

त्या जायच्या आधी मी त्यांना पाहिलं ते बिट्टन मार्केटच्या हाटात. मंजूने सब्जी आणायला पाठवलं होतं. कोथिंबीरवाल्यापुढे त्या उभ्या होत्या, काखेत उशी नव्हती म्हणून जरा अपुऱ्या वाटत होत्या.

"दिखी क्या मैं?"

"दिख रई हो अम्मा. हेल्मेट लगाए हो."

त्यांना मी दिसलो. "बरं झालं आलात. जरा तुमच्या मोबाइलवर बघा. माझा तो फोटो मी मंडळाच्या ड्राइव्हमध्ये टाकलाय. कुणाला पुढे चाचणी घ्यायची झाली तर असावा."

"पण फोटो ज्याचा, किल्ली त्याची ना?"

"ही एक किल्ली दिली मंडळाला." एवढं बोलून त्या जुड्या निवडायला लागल्या. "दिसतंय का सांगा."

मी उघडलं. लख्ख दिसत होतं. पिवळं हेल्मेट, मागे ते भलंमोठं यंत्र, त्याला नापास केल्याचा तो आनंद. मी मोबाइल खिशात घातला.

"नाही हो ताई," मी म्हणालो. "काहीच दिसत नाही. दुरुस्तीला थांबावं लागेल."

त्यांनी मोबाइल मागितला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. कोथिंबिरीतली एक पिवळी काडी काढून टाकत विचारलं,

"मुद्दाम की चुकून?"

"मुद्दाम."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. जुडी पिशवीत टाकली, खरोखरचं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि स्कूटरला किक मारली.